हायब्रिड-विद्युत विमान इंजिनांतील कॉम्प्रेसर स्टॉल प्रतिबंध

गॅस टर्बाईन आणि विद्युत यंत्रे एकत्र वापरणाऱ्या विमान इंजिनात कॉम्प्रेसरमधील हवेचा प्रवाह कोलमडू नये, यासाठी योजलेल्या रचना व नियंत्रणाच्या उपायांना हायब्रिड-विद्युत विमान इंजिनांतील कॉम्प्रेसर स्टॉल प्रतिबंध असे म्हणतात. अशा इंजिनात शाफ्टला जोडलेले विद्युत यंत्र मोटर म्हणून शाफ्टला शक्ती देऊ शकते किंवा जनित्र म्हणून त्याची शक्ती काढून घेऊ शकते. ही देवाणघेवाण कोणत्या शाफ्टवर आणि कोणत्या क्षणी होते, यावर स्टॉलचा धोका घटतो की वाढतो हे ठरते.

कॉम्प्रेसर स्टॉलचे स्वरूप
कॉम्प्रेसरची पाती विमानाच्या पंखाप्रमाणे काम करतात. हवा पात्यांवर योग्य मर्यादेपेक्षा अधिक कोनाने येऊ लागली, की प्रवाह पात्याच्या पृष्ठभागापासून सुटतो. हा बिघाड काही पात्यांपुरता राहून कॉम्प्रेसरच्या परिघाभोवती फिरत राहिल्यास त्याला फिरता स्टॉल म्हणतात. संपूर्ण प्रवाह कोलमडून दाबलेली हवा उलट दिशेने उसळल्यास त्याला सर्ज म्हणतात. सर्जच्या वेळी मोठे धमाके होतात, इंजिन हादरते व पात्यांची हानी होऊ शकते.

हवेचा प्रवाह आणि दाब गुणोत्तर यांच्या आलेखावर सर्ज रेषा दाखवतात. इंजिनाची कार्यरेषा आणि सर्ज रेषा यांतील अंतरास स्टॉल-अंतर म्हणतात.

२७ डिसेंबर १९९१ रोजी स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळावरून निघालेल्या स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सच्या उड्डाण क्रमांक ७५१ च्या एमडी-८१ विमानात पंखांवरील बर्फ इंजिनांत गेला. पंख्यांची हानी होऊन सर्ज सुरू झाला. वैमानिकांना माहीत नसलेल्या एका स्वयंचलित प्रणालीने थ्रॉटल पुन्हा वाढवल्यामुळे तो अधिक तीव्र झाला आणि दोन्ही इंजिने निकामी झाली. विमान गोट्रोरा येथे शेतात उतरवावे लागले. त्यातील सर्व १२९ जण वाचले.

पारंपरिक उपाय
कोन बदलता येणारी स्थिर पाती हा जुना व परिणामकारक उपाय आहे. १९५० च्या दशकातील जनरल इलेक्ट्रिकच्या जे७९ इंजिनात त्याचा वापर झाला. याशिवाय झडपा उघडून कॉम्प्रेसरमधील काही हवा बाहेर सोडणे, कॉम्प्रेसरचे भाग वेगवेगळ्या शाफ्टवर विभागणे आणि इंधन किती वेगाने वाढवावे यावर संगणकीय मर्यादा घालणे, हे उपाय रूढ आहेत. मात्र बाहेर सोडलेल्या हवेवर खर्च झालेली ऊर्जा वाया जाते, तर इंधनावरील मर्यादेमुळे इंजिनाचा प्रतिसाद मंदावतो.

विद्युत यंत्राचे कार्य
जोर वाढवताना इंधन वाढते आणि ज्वलनकक्षातील तापमान तत्काळ चढते. जडत्वामुळे शाफ्टचा वेग मात्र मागे राहतो. त्यामुळे उच्च दाबाच्या कॉम्प्रेसरपुढील अडथळा वाढून कार्यरेषा सर्ज रेषेकडे सरकते. या वेळी उच्च दाबाच्या शाफ्टला मोटरने शक्ती दिल्यास जादा इंधनावाचून वेग वाढतो व स्टॉल-अंतर टिकते.

जोर कमी करताना स्थिती उलट होते. उच्च दाबाचा शाफ्ट लवकर मंदावतो, पण मोठ्या पंख्याला जोडलेला कमी दाबाचा शाफ्ट जडत्वामुळे फिरत राहतो. कमी दाबाचा कॉम्प्रेसर पुढचा भाग स्वीकारू शकेल त्याहून अधिक हवा ढकलतो आणि स्वतः स्टॉलच्या जवळ जातो. अशा वेळी कमी दाबाच्या शाफ्टमधून जनित्राद्वारे शक्ती काढून घेतल्यास तो लवकर मंदावतो.

नवे धोके
विद्युत यंत्र स्टॉलचे कारणही ठरू शकते. जमिनीलगत येताना किंवा अल्प जोरावर उच्च दाबाच्या शाफ्टमधून जास्त वीज घेतल्यास त्या कॉम्प्रेसरचे स्टॉल-अंतर घटते. वीज कोणत्या शाफ्टमधून घ्यावी, हा प्रश्न बोईंग ७८७ सारख्या अधिक वीज वापरणाऱ्या विमानांतही उद्भवला. या विमानाच्या जीईएनएक्स इंजिनात वीज उच्च दाबाच्या शाफ्टमधून, तर रोल्स-रॉईसच्या ट्रेंट १००० मध्ये मधल्या दाबाच्या शाफ्टमधून घेतली जाते.

मोटर पंखा फिरवत असताना टर्बाईनचे इंधन फार कमी केल्यास कमी दाबाचा कॉम्प्रेसर स्टॉल होऊ शकतो. म्हणून मोटरच्या वाट्याला मर्यादा घालावी लागते. विद्युत बिघाडाने मोटर अचानक बंद पडल्यास इंधन-नियंत्रणाला तो बदल लगेच सावरता आला पाहिजे.

संशोधन
अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील नासाच्या ग्लेन संशोधन केंद्राने 'टर्बाईन इलेक्ट्रिफाइड एनर्जी मॅनेजमेंट' ही संकल्पना मांडली. तिच्यात शाफ्टवरील विद्युत यंत्रांद्वारे वेगबदलाच्या काळातील कार्यरेषेचे विचलन रोखले जाते. २०२२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने नासाच्या ओहायोतील चाचणी केंद्रात मेगावॅट क्षमतेच्या हायब्रिड-विद्युत प्रणालीची ४५,००० फूट उंचीपर्यंतच्या परिस्थितीत चाचणी केली.

मर्यादा
मोटर, बॅटरी, तारा व शीतकरण यांचे वजन विमानाला वाहावे लागते. विद्युत साहाय्य गृहीत धरून कॉम्प्रेसर कमी स्टॉल-अंतराचा, म्हणजेच हलका व कार्यक्षम बनवता येतो. परंतु ते साहाय्य बंद पडल्यास इंजिन सुरक्षित राहण्यासाठी पुरेसे अंतर मूळ रचनेत राखणे आवश्यक असते. बर्फ, पक्षी किंवा तुटलेली पाती यांमुळे झालेली हानी विद्युत साहाय्याने भरून निघत नाही.