‘वाड्या’चे पुनरागमन
जुने नाटक नव्याने रंगभूमीवर आणताना पहिला प्रश्न उभा राहतो, तो संहितेला कात्री लावण्याचा. तीन अंकी नाटक दोन अंकांत बसवणे व्यावसायिक रंगभूमीवर सर्रास घडते. त्यात चुरचुरीत संवाद टिकतात, विराम जातात. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ मात्र या कात्रीला सहजी दाद देत नाही. विजया मेहता यांनी १९८५ मध्ये ते सादर केले, तेव्हा धरणगावच्या देशपांडे घराण्याची पडझड हे प्रेक्षकांचे वर्तमानच होते. गाव सोडून मुंबईत स्थिरावलेले कितीतरी सुधीर प्रेक्षागृहात बसलेले असत. चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ मध्ये ‘मग्न तळ्याकाठी’ व ‘युगान्त’ यांसह ही नाट्यत्रयी सलग सादर केली आणि सुमारे दोन दशकांनी ‘वाडा’ पुन्हा रंगमंचावर आणला. तोवर वाडा डोळ्यांनी न पाहिलेली पिढी समोर होती. गंजलेला ट्रॅक्टर, वारंवार वेळ विचारणारी दादी, हे गतीच्या नावाखाली गाळले, तर घरातला थांबलेला काळ दिसणार कसा? वडिलांच्या तेराव्याच्या खर्चावरून भावंडांत पडणारी तेढ मात्र सदनिकेत वाढलेल्यांनाही समजावून सांगावी लागत नाही.