‘आहे त्या स्थितीत’ : बैलबाजार, जुनी गाडी आणि पाचशेचा बाँड

माझ्या पीएचडीच्या फाईलमध्ये एक पाचशे रुपयांचा बाँड आहे. तो कुठल्या दप्तरखान्यातून आणलेला नाही, माझ्याच नावाचा आहे. त्यात लिहिलंय की गाडी मी स्वतः तपासून, पसंत करून, आहे त्या स्थितीत ताब्यात घेतली आहे आणि यापुढे कोणत्याही बिघाडाची जबाबदारी लिहून देणाऱ्यावर राहणार नाही. खाली माझी सही, दोन साक्षीदार.

या ब्लॉगवर मी बहुतेक वेळा साधनं कशी वाचायची याबद्दल लिहिते. या वेळी साधन माझ्या स्वतःच्या फजितीचं आहे.

माझा विषय मराठवाड्यातले जनावरांचे बाजार. बीडहून नेकनूरच्या बाजाराला एसटीनं जाता येतं, पण पहाटे जनावरं उतरतात तेव्हा तिथं हजर राहायचं, संध्याकाळी लांबच्या एखाद्या वस्तीवर जुन्या दलालाची मुलाखत घ्यायची आणि रात्री घरी परतायचं, हे एसटीच्या वेळापत्रकात बसत नाही. म्हणून साठवलेले पैसे आणि भावाकडून काही उसने घेऊन एक लाख पासष्ट हजारांची जुनी गाडी घेतली. एमएच-२३ पासिंग, पांढरा रंग, सीटकव्हर नवीन. इंजिन इतकं स्वच्छ धुतलेलं की मला कौतुक वाटलं. (जुन्या गाडीचं इंजिन चकचकीत दिसलं की आधी शंका घ्यायची असते, हे आता कळलं.)

अकराव्या दिवशी मांजरसुंब्याच्या घाटात काटा लालवर गेला. मिस्त्रीनं रेडिएटरचं झाकण उघडून बोट बुडवलं, तेलकट पाणी दाखवलं आणि म्हणाला, “ताई, हेड गास्केट गेलंय. हे आजचं नाही.” चौदा हजार तिथं गेले. पुढच्या पंधरवड्यात क्लच प्लेट, साडेसहा हजार. एकूण वीस हजार पाचशे, म्हणजे एका महिन्याच्या फेलोशिपचा निम्म्याहून मोठा भाग. शिवाय तीन बाजार बुडाले. ज्यानं गाडी दिली त्याला फोन केला तर शांतपणे उत्तर आलं, “ताई, बाँड वाचा.”

घरी अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, वेगळाच प्रश्न विचारला. “आगं, बैल घ्यायचा म्हणलं तर माणूस त्याला वखराला जुंपून बघतंय. तू उभी गाडी घेतलीस व्हय? अन् बोली काय झाली होती?”

‘बोली’ हा शब्द इथं नीट ऐका. बैलबाजारात बोली म्हणजे नुसती किंमत नाही. बैल मारका नाही, औताला बसत नाही, बुजत नाही, खांदा चांगला आहे, असं विकणारा तोंडानं सांगतो, तीही बोली. दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतो, तो भाग सगळ्यांना माहीत असतो, फोटोही त्याचेच निघतात. पण त्याआधी दात बघणं होतं (दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला), चालवून बघणं होतं आणि ही बोली होते. अण्णांच्या आठवणीत इसार देऊन बैल घरी आणायचा, दोन-चार दिवस कामाला लावायचा आणि बोलीप्रमाणे निघाला तरच उरलेले पैसे द्यायचे, असे व्यवहार ओळखीत सर्रास होत. वर्षभर मी दलालांकडून हेच ऐकत होते, वहीत लिहीत होते. स्वतःची खरेदी करताना मात्र ते डोक्यात आलं नाही.

मग बाँड वाचला, साधन वाचतो तसा. त्यात दोन गोष्टी एका वाक्यात बसवल्या आहेत. पहिली : घेणाऱ्यानं तपासलं. दुसरी : म्हणून देणारा मोकळा. प्रश्न असा पडला की तपासायला वेळ किती मिळाला होता? मला मिळाली होती एक संध्याकाळ, बार्शी नाक्यापर्यंत एक चक्कर. हा ‘वेळ’ व्यवहारातून केव्हा गळाला?

इथून मी मागे जायला लागले.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात खरेदी-विक्री रद्द करण्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात व्यापाऱ्यांना मन बदलायला एक रात्र, शेतकऱ्यांना तीन, गुराख्यांना पाच अशी मुदत दिली आहे. रोगी जनावर निरोगी सांगून विकलं तर बारा पण दंड. आणि चतुष्पाद परत करण्याची मुदत तीन पक्ष, म्हणजे सुमारे पंचेचाळीस दिवस. त्याचं कारणही ग्रंथ देतो : तेवढ्या काळात खरं-खोटं कळू शकतं. आज कंपनी वॉरंटी देते तेव्हा तिच्यामागचा विचार याहून फार वेगळा नसतो. दोष दिसायला वेळ लागतो, म्हणून जबाबदारीलाही वेळ जोडायचा.

याज्ञवल्क्यस्मृतीत हाच विषय वस्तूनुसार येतो. बियाण्याची परीक्षा दहा दिवस, लोखंडाची एक दिवस, दुभत्या जनावराची तीन, ओझं वाहणाऱ्या जनावराची पाच, रत्नांची सात. या स्मृतीवरची सर्वात प्रसिद्ध टीका, विज्ञानेश्वराची मिताक्षरा, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (इ. स. १०७६ ते ११२६) याच्या काळात कल्याणीला लिहिली गेली. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या धाराशिव-लातूरच्या पलीकडे, बिदर जिल्ह्यात. वारसाहक्काच्या कायद्यामुळे मिताक्षरेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. बैल किती दिवस वापरून बघायचा हाही तिचा विषय आहे, हे सहसा सांगितलं जात नाही.

नारदस्मृती तर हिशोब मांडते. घेतलेला माल त्याच दिवशी परत केला तर पूर्ण पैसे, दुसऱ्या दिवशी किमतीचा तिसावा भाग सोडायचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, त्यानंतर माल घेणाऱ्याचाच. माझ्या गाडीला लावून पाहिलं : दुसऱ्या दिवशी साडेपाच हजार, तिसऱ्या दिवशी अकरा हजार सोडून सुटका. मी वीस हजार पाचशे भरून गाडी अजून माझ्याच दारात आहे. आणि ओझं वाहणाऱ्याचे पाच दिवस धरले तर मी सहा दिवसांनी हुकले. कौटिल्याचे पंचेचाळीस धरले तर आरामात बसले असते.

आता थांबा. इथंच नवीन संशोधक घसरतात, मीही पहिल्या मसुद्यात घसरले होते. “आपल्याकडे प्राचीन काळी ग्राहक संरक्षण होतं” असं वाक्य लिहून मी खूश होते. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं : ‘यादी पूर्ण द्या.’ पूर्ण यादीत काय आहे? बियाणं, लोखंड, बैल, रत्नं यांच्याबरोबर त्याच ओळीत स्त्री एक महिना आणि पुरुष पंधरा दिवस. म्हणजे दासी आणि दास. माणूस विकत घेऊन तपासण्याची मुदत. घेणाऱ्याचं रक्षण करणारा नियम आणि विकल्या जाणाऱ्या माणसाचं वस्तू होणं, दोन्ही एकाच श्लोकात आहे. रोममध्येही असंच : बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी विकणाऱ्यावर दोष सांगण्याची सक्ती केली आणि माल परत करायला सहा महिने दिले, ते गुलामांच्या आणि जनावरांच्या बाजारासाठी. सोयीची ओळ उचलायची आणि शेजारची सोडायची, तर मग ते संशोधन कसलं?

दुसरी सावधगिरी : हे ग्रंथ नियम सांगतात, नेकनूरला काय घडत होतं ते सांगत नाहीत. अण्णांचा ‘इसार देऊन चार दिवस’ आणि मिताक्षरेचे पाच दिवस शेजारी ठेवून मला आनंद होतो, पण एकातून दुसरं आलं हे सिद्ध करणारा दुवा माझ्याकडे नाही. बैलाची खोड कळायला सगळीकडेच चार-पाच दिवस लागतात, एवढ्यावरही हे साम्य उभं राहू शकतं. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा तिसरा खंड वाचा. सगळे स्मृतिकार शेजारी ठेवले की मुदतींमधले फरकही दिसतात, आणि एकच एक ‘प्राचीन कायदा’ होता हा समज गळतो.

मग वेळ गळाला कुठं? माझं उत्तर अजून कच्चं आहे, पण एक टप्पा स्पष्ट आहे : भारतीय करार कायदा, १८७२. या कायद्याची उदाहरणं जरूर वाचा. कायद्याचे विद्यार्थी ती पाठ करतात, इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ती साधन म्हणून वाचायला हवीत. कलम १७ फसवणुकीचं. त्यात एक घोडा आहे. विकणाऱ्याला माहीत आहे की घोडा सदोष आहे, तो लिलावात विकतो आणि काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. पुढच्या उदाहरणात घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. तिथं नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणखी पुढं, घेणारा म्हणतो, ‘तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा चांगला आहे असं मी धरीन’, आणि विकणारा गप्प राहतो. तिथं मात्र गप्प राहणं म्हणजे बोलणंच.

म्हणजे मौन निर्दोष, जोपर्यंत तुम्ही नेमकं विचारत नाही. आणि कलम १९ वरचा अपवाद आणखी कडक : मौनामुळे फसगत झाली असली, तरी साधी खबरदारी घेऊन तुम्हाला खरं कळू शकलं असतं तर करार मोडता येत नाही. मी मिस्त्रीला सोबत नेलं असतं तर रेडिएटरचं झाकण त्यानं तेव्हाच उघडलं असतं. पुढे १९३० च्या माल विक्री कायद्यात कलम १६ नं हेच तत्त्व, ‘घेणाऱ्यानं सावध राहावं’, काही अपवादांसह पक्कं केलं.

बीडच्या विद्यार्थ्यांसाठी एक बारकावा. हे कायदे १८७२ किंवा १९३० पासून आपल्याकडे लागू नव्हते. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, आणि १९५१ च्या कायद्यानं असे अनेक केंद्रीय कायदे इथं आणले, १ एप्रिल १९५१ पासून. पुण्या-नगरच्या ग्रंथांतली ‘ब्रिटिश कायद्यानं अमुक केलं’ ही वाक्यं मराठवाड्याला जशीच्या तशी लावू नका. माझ्या प्रकरणात मी एकदा लावली होती, आणि मौखिक परीक्षेच्या सरावात तिथंच अडकले.

अर्थशास्त्राच्या बाजूनं पाहायचं तर जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० चा लेख आहे, जुन्या मोटारींच्या बाजारावरच. अमेरिकेत बिघडकी गाडी म्हणजे ‘लिंबू’. विकणाऱ्याला गाडीची अवस्था माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सरासरी भाव देतो, त्या भावात चांगली गाडी कुणी विकत नाही, आणि बाजारात लिंबंच उरतात. वॉरंटी हा त्यावरचा एक उपाय म्हणून ते सांगतात. या लेखात भारतही येतो : तांदळात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे खडे निवडत बसणारी इथली गृहिणी. तुमच्यापैकी ज्यांचा पहिला लेख परत आलाय त्यांच्यासाठी : हा लेख छापून येण्याआधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता, विषय क्षुल्लक असल्याचंही कारण मिळालं. २००१ मध्ये त्याच कामासाठी नोबेल.

अकरलॉफनं मला एक मदत केली. बैलबाजारात खोटी बोली करणाऱ्याला पुढच्या बाजारी पुन्हा त्याच झाडाखाली उभं राहायचं असतं, दलालालाही. गाडीच्या बाजारात तसं नाही. माझी गाडी चौथ्या हाताला आली होती. आधीचे तीन मालक तीन जिल्ह्यांतले, टीटी फॉर्मवर नुसत्या सह्या. बोली टिकते ती पुन्हा भेट होणार असते तेव्हा. जिथं भेट होणार नसते तिथं बाँड येतो, आणि बाँड विकणारा लिहितो.

सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी नियम काढले, १ एप्रिल २०२३ पासून. नोंदणी, गाडी ताब्यात असतानाची जबाबदारी, फेऱ्यांची नोंदवही, सगळं त्यात आहे. हेड गास्केट नाही.

बाँड आता फाईलमध्ये ‘परिशिष्ट’ म्हणून लावलाय. त्याच्याशेजारी ठेवायला मला जुन्या बैलखरेदीच्या पावत्या हव्यात, विशेषतः १९५१ च्या आधीच्या, मोडीत असोत, उर्दूत असोत. तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत, देवळीत, सातबाऱ्याच्या गठ्ठ्यात असं काही सापडलं तर मूळ कागद देऊ नका, फोटो पाठवा. त्यात मुदत लिहिलेली असेल, ‘इतक्या दिवसांत’ असं काही, तर आधी तेवढाच फोटो पाठवा.