नवव्या अवताराची जागा

मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ या बँडचा ‘दशावतार’ हा अल्बम २०१७ साली निघाला. दहा अवतारांवर इंग्रजीतली दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. मेटल संगीताशी मराठीच्या अभ्यासकांचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. आमच्या मते तो नवव्या गाण्यापाशी येतो. पण आधी या बँडच्या वाटचालीविषयी थोडे सांगितले पाहिजे.

साहिल मखिजा यांनी २००० साली हा बँड स्थापन केला. ‘डेमनस्टीलर’ हे त्यांचे रंगमंचावरचे नाव. थ्रॅश मेटलने १९८०च्या दशकात गिटारला जो वेग दिला, त्यातूनच पुढे डेथ आणि ब्लॅक मेटल हे अधिक उग्र प्रकार वाढले. या बँडचे कूळ ते. ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५) आणि ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०) या अल्बमांत कीबोर्डने उभे केलेले वाद्यवृंदासारखे भव्य आवाज आहेत आणि काळोखाची, सैतानांची कल्पित कथा आहे. ही कथा मुंबईत रचली गेली असली, तरी तिच्यातले अंधारविश्व युरोपातून आलेले आहे. २०१४च्या ‘द डेमन किंग’चा नायकही सैतानच. ‘दशावतार’मध्ये मात्र सतार आणि तबला आले, आणि कल्पित पुराणाऐवजी खरे पुराण आले. काही श्रोत्यांना ही केवळ सजावट वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही, कारण पुराण हाती घेतले की त्याचे वादही हाती येतात.

नववे गाणे बुद्धावर आहे आणि त्याच्या शीर्षकात बुद्धाला ‘शिक्षक’ म्हटले आहे. हा शब्द साधा नाही. विष्णुपुराणातला मायामोह असुरांना वेदमार्गापासून ढळवण्यासाठी येतो. भागवतातही बुद्धाचे कार्य देवांच्या शत्रूंना मोहात पाडणे हेच. बाराव्या शतकात जयदेवाने ‘गीतगोविंदा’त बुद्धाला पशुहिंसेविषयीच्या करुणेमुळे गौरविले, हा मोठा पालट होता. (जयदेवाच्या यादीत आठवा हलधर आहे, कृष्ण तर तिथे अवतार घेणाराच. मखिजांनी कृष्ण आठवा धरला.) ‘शिक्षक’ म्हणणारा हा बँड, कळत वा नकळत, पुराणकारांपेक्षा जयदेवाच्या बाजूला उभा राहतो.

महाराष्ट्रात ही जागा आणखी गुंतागुंतीची आहे. जुन्या पंचांगांतील आणि मंदिरांतील दशावतारांत नवव्या ठिकाणी अनेकदा विठ्ठल दिसतो. मौन धरून उभा असलेला देव म्हणजेच बौद्ध अवतार, ही कल्पना संतवाणीतही आढळते. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात तिचा मागोवा घेतला आहे. आमच्या हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. तेव्हा इथल्या वारकऱ्याला नववा अवतार कोण हे सांगायला पुराण उघडावे लागत नाही.

पण याच जिल्ह्यात, याच गावांत, असेही लोक आहेत ज्यांनी बुद्धाला अवतार मानणे विचारपूर्वक नाकारले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, ही त्यांपैकी एक. त्यांच्या दृष्टीने अवताराच्या यादीत सामावून घेणे म्हणजे वेगळेपण पुसणेच. म्हणून अल्बमच्या मुखपृष्ठावरचे ‘दशावतार’ हे नावच एका श्रोत्याला परिचित वाटेल, तर दुसऱ्याला ती आधीच देऊन टाकलेली बाजू वाटेल. दुसऱ्याचे म्हणणे आम्हांला अधिक वजनदार वाटते. ‘शिक्षक’ हा आदराचा शब्द असला, तरी तो यादीच्या आतच उच्चारलेला आहे.

एक अडचण उरते. या गायकीत शब्द गुरगुरत येतात आणि गीतपत्रिका हाती असल्याशिवाय बहुतेक ओळी कळतच नाहीत. नामदेवांच्या कीर्तनपरंपरेत टाळ-मृदंग शब्दाला वाट करून देतात; इथे शब्दच वाद्यांच्या गर्दीत एक वाद्य होऊन बसतो. आम्हीही हा अल्बम प्रथम ऐकला तेव्हा नववे गाणे सुरू झाल्याचे शीर्षक पाहूनच समजले.