बांधावरचा तरोटा

मृगाचे दोन-तीन पाऊस झाले की परभणी, सेलू, जिंतूरकडच्या बांधांवर, उकिरड्यांच्या कडेला आणि सडकेच्या दोन्ही अंगांना तरोटा उगवतो. त्याला कोणी पेरत नाही. कोवळा असला की खुडून भाजी करायची. गुडघ्याला लागला की पानांना उग्र वास येतो आणि गुरेही तोंड लावत नाहीत. पिकात घुसला तर ते तण, खुरप्याने उपटून फेकायचे. कोकणात आणि देशावर याचेच नाव टाकळा. संस्कृत नावात मात्र त्याचे काम सांगितलेले आहे: चक्रमर्द, चक्र चुरडणारा. चक्र म्हणजे अंगावर उठणारा, कडेने लाल आणि मधून विरत जाणारा गोल चट्टा. शास्त्रकारांनी त्याला दद्रू म्हटले. मराठी माणसाला त्यात हत्तीचा कान दिसला, म्हणून तो गजकर्ण.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला तिसरा अध्याय लेपांचा आहे. कातडीच्या रोगांपासून डोकेदुखीपर्यंत एकूण बत्तीस लेप त्यात सांगितले आहेत, आणि सुरुवातच होते बहावा, तरोटा आणि करंज या तिघांनी. तिन्ही झाडे गोदावरीकाठच्या परभणी जिल्ह्यात आजही सहज सापडतात. कृती मात्र सोपी नव्हती: औषधे गाईच्या पित्तात घोटायची आणि मोहरीच्या तेलात मिसळून लावायची. करडईच्या तेलावर वाढलेल्या मुलखात मोहरीचे तेल कोण शोधत बसणार? घरगुती रीत सुटसुटीत होती. तरोट्याचे बी आंबट ताकात भिजवायचे, पाट्यावर वाटायचे आणि चट्ट्यावर थापायचे.

गजकर्णाच्या मोठेपणावरून जुन्या आचार्यांचे जमले नाही. अठरा कुष्ठांपैकी, म्हणजे त्वचारोगांपैकी, सात महाकुष्ठे, हे चरक आणि सुश्रुत दोघांनाही मान्य. पण सुश्रुताने दद्रूला महाकुष्ठात बसवले, चरकाने क्षुद्रकुष्ठात. मुरमांना तर दोघांच्याही पंगतीत जागा नव्हती. मुखदूषिका किंवा तारुण्यपीटिका सुश्रुताने किरकोळ रोगांच्या यादीत ठेवल्या, काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली, आणि ओकारीच्या औषधासोबत काही लेप सुचवून विषय संपवला. पुढे शार्ङ्गधराने लोध्र, धणे आणि वेखंड यांचा लेप सांगितला. तो वैद्यांकडे अजून चालतो. आज त्वचेच्या औषधांची बरीचशी जाहिरातबाजी मुरमांवर चालते हे त्या मंडळींना गमतीचे वाटले असते.

या वैद्यकाचा एक धागा परभणीकडेही येतो. हा मुलूख तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे होता. महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री हेमाद्री लोकांना आठवतो तो ‘हेमाडपंती’ देवळांमुळे. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला ती बघायला लोक जातात. याच हेमाद्रीने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली, हे मात्र वैद्यांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

तरोट्याच्या गोष्टीला खरी कलाटणी मिळाली ती समुद्रावरून. एकोणिसाव्या शतकात मुंबईत गजकर्णावर एक पिवळसर भुकटी विकली जाई, ‘गोवा पावडर’ नावाने. ती कशाची, हे विकणारे सांगत नसत. १८६४ मध्ये मुंबईतले औषधविक्रेते केम्प यांनी विलायती औषधशास्त्रज्ञांचे तिच्याकडे लक्ष वेधले. सुमारे दहा वर्षांनी ब्राझीलच्या बाहिया प्रांतातले डॉक्टर सिल्वा लिमा यांनी उलगडा केला: ही तर आमच्याकडच्या अरारोबा झाडाच्या खोडातली भुकटी! पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती गोव्यात पोचली होती. १८७६ मध्ये लंडनचे बाल्मॅनो स्क्वायर यांनी तिच्यापासून सोरायसिसवर मलम केले, आणि १९१६ मध्ये जर्मनीत तिच्या धर्तीवर डिथ्रॅनॉल तयार झाले. तरोट्याच्या बीत क्रायसोफॅनॉल असते, आणि ते या भुकटीतल्या गुणकारी द्रव्यांचेच भाऊबंद. बाहियाचे जंगल आणि परभणीचा बांध, रसायनाने सोयरे निघाले.

परभणीत तेव्हा निजामाचे राज्य होते. १९०० च्या सुमारास मनमाड–हैदराबाद रेल्वे इथून धावू लागली आणि मुंबईचा माल जवळ आला. पुढे गजकर्णासाठी पाटा-वरवंटा कोण काढणार? पानपट्टीवरही मिळणारी मलमाची डबी सोपी.

त्या सोपेपणाची किंमत अलीकडे कळली. स्टेरॉइड मिसळलेली मलमे खाज दोन दिवसांत थांबवतात, गजकर्ण उठवणारी बुरशी मात्र पसरत राहते. मुरमांवर, गोरेपणासाठी तीच मलमे चेहऱ्यावर चोपडणारेही कमी नव्हते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तोवर नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारे गजकर्ण देशभर पसरले होते. त्यामागच्या बुरशीला २०२० मध्ये नवे नाव मिळाले, ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’. त्यात ‘इंडो’ म्हणजे आपणच. अशा हट्टी चट्ट्यावर तरोटा पुरा पडेल असे समजून कोणी घरी बसू नये. त्याला त्वचारोगतज्ज्ञच गाठावा.

दिवाळीच्या आसपास तरोट्याच्या कोयत्यासारख्या शेंगा वाळतात. बी झोडून आडतीवर आणणारे लोक मराठवाड्यात आणि विदर्भात आहेत. त्यापासून डिंकासारखा घट्टपणा आणणारी भुकटी निघते. ती परदेशी जाते आणि तिथे कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाण्यातला रस्सा थिजवायला वापरली जाते.