आणेवारीवरची हरकत

धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातल्या आमच्या गावात पीक बुडालं की पारावर एकच प्रश्न असायचा: "आणेवारी किती लागली?" सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आठाच्या आत आलं की दुष्काळ. पुढे आण्यांचे पैसे झाले, तरी रेघ पन्नास पैशांवर तिथेच राहिली. जमीन महसुलातली सूट, पोरांची परीक्षा फी, सगळं त्या आकड्यावर अडलेलं.

हा आकडा लोकांनी मुकाट्याने मानला नाही. १९१८ चा खेडा सत्याग्रह आणेवारीवरूनच उभा राहिला. पीक चार आण्यांच्या आत असेल तर सारावसुली तहकूब, हा मुंबई सरकारचाच नियम. सरकारी अंदाज त्याच्या वर होता; गांधीजी आणि सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून काढलेला खाली.

माझ्या लहानपणी पीक कापणी प्रयोगाला बांधावर गर्दी व्हायची. चौकोनाचा कोपरा कुठे धरायचा हे आधी काढलेल्या आकड्यांवरून ठरे. खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, आतलीच ज्वारी कापून, मळून, काट्यावर घालायची. भरलेली कणसं बघून कोणी खुंटी सरकवली, तर बांधावरचे आरडाओरडा करत. पैसेवारी समितीत तलाठ्याबरोबर सरपंच आणि शेतकरीही बसत. हरकत घेता येई.

२०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनंतर पावसाची तूट, उपग्रहावरून मोजलेली हिरवाई, जमिनीतली ओल यांवर दुष्काळाचा निकाल लागू लागला. ऑक्टोबर २०२३ अखेर राज्यातले ४० तालुके दुष्काळी ठरले. आमच्या जिल्ह्यातले वाशी, धाराशिव, लोहारा. बाकीच्या तालुक्यांतून ओरड झाली, नोव्हेंबरात राज्यभरातली हजारावर महसूल मंडळं सवलतींसाठी घेतली गेली.

पीकविम्याचंही तेच: आधी निकाल, मग ओरड. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीनंतर नुकसानीची खबर ७२ तासांत दिली नाही, म्हणून भरपाई अडली. शेतात पाणी, वीज गायब. खबर द्यायला ॲप कोण उघडणार? शेतकरी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. मे २०२२ मध्ये साडेतीन लाखांवर शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश झाला.

उपग्रहाशी माझं वैर नाही. माणसाच्या नजरेतही खोट असते. पण प्रत्येक वेळी कोर्टाची पायरी चढणं शेतकऱ्याला परवडत नाही. मंडळाचे आकडे आणि ते जोडण्याची रीत निकालाआधी ग्रामसभेत मराठीत वाचा. हरकतीला मुदत द्या. आणि हरकत आली, तर शेतात या, दोरी ताणा, मोजा.