पांचगणीचें पठार आणि लाव्हाझिएचा तराजू

पांचगणीच्या टेबललँडवर फिरावयास जाणाऱ्या श्रोत्यांनीं पायांखालचा दगड क्वचितच निरखून पाहिला असेल. वाईहून पसरणीचा घाट चढतांना बाजूस काळा कातळ दिसतो. माथ्यावर मात्र तांबडा, सच्छिद्र जांभा पसरलेला आहे. फ्रान्सिस बुकॅनन यानें १८०७ सालीं मलबारांतील अशाच दगडास विटेच्या लॅटिन नांवावरून ‘लॅटेराइट’ हें नांव दिलें. कारण तेथील लोक तो मऊ असतांना विटांसारखा कापून काढीत व हवेंत तो कठीण होई. हे दोन दगड दिसावयास निराळे खरे, पण त्यांचें कूळ एकच. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पसरलेल्या लाव्हारसाचा काळा कातळ झाला, व त्याच्याच वरच्या थरांचा पुढें जांभा झाला. काळ्या कातळाच्या वजनांत जवळजवळ निम्मा वांटा सिलिकेचा, म्हणजे वाळूच्या मुख्य द्रव्याचा, असतो. जांभ्यांत ती फार थोडी उरते. मग बाकीची गेली कोठें?

याच जातीचा प्रश्न १७६८ सालीं पॅरिसमध्यें आंत्वान लाव्हाझिए या पंचविशींतील तरुणापुढें होता. पाणी पुष्कळ दिवस उकळलें कीं त्याची माती होते, असें मोठमोठे विद्वान मानीत. आणि भांड्याच्या तळाशीं सांका बसलेला तर प्रत्यक्ष दिसे. लाव्हाझिएनें काचेच्या बंद पात्रांत शुद्ध पाणी घातलें, पात्र व पाणी यांचें वजन केलें आणि १०१ दिवस तें मंद आंचेवर ठेविलें. सांका बसला, पण एकंदर वजनांत फरक पडला नाहीं. मग त्यानें रिकामें पात्र तराजूंत घातलें, तों तें सुमारें १७ ग्रेननीं, आपल्या मापानें सात-आठ गुंजांनीं, हलकें भरलें! पाण्याची माती झाली नव्हती. पाण्यानें काच खाल्ली होती. काचेंतहि मुख्य द्रव्य सिलिकाच असतें, हें येथें लक्षांत ठेवावें.

१७७४ सालीं त्यानें बंद पात्रांत कथिल तापविलें. कथिलाचें भस्म झालें, तरी पात्राचें वजन तेंच राहिलें. तोंड उघडतांच हवा आंत शिरली व तेवढेंच वजन वाढलें. धातु जळतांना तिच्यांतून ‘फ्लॉजिस्टन’ नांवाचें कांहीं तरी बाहेर पडतें, हें मत येथें डळमळलें. धातु उलट हवेचा एक भाग घेत होती. हा भाग म्हणजे प्राणवायु. १७८९ च्या आपल्या ग्रंथांत त्यानें क्रियेपूर्वींचें व क्रियेनंतरचें द्रव्य सारखेंच असतें, हें तत्त्व मांडलें. शाळेंतील पुस्तकें हें सारें एका ओळींत उरकतात, तें बरें नव्हे. कारण त्या ओळीमागें शेकडों तोलण्या आहेत. त्याचे उत्तम तराजू सरकारी करांच्या मक्त्यांतील पैशावर आले होते, आणि त्याच मक्त्यापायीं ८ मे १७९४ रोजीं त्याचा शिरच्छेद झाला.

आतां पठाराचा जमाखर्च मांडावा. पावसाच्या पाण्यांत हवेंतील व मातींतील कर्बद्विप्राणिद वायु मिसळून तें किंचित् आम्ल होतें. हें पाणी कातळांतील चुना, मॅग्नेशियम, सोडियम व सिलिका विरघळवून नेतें. ही खर्चाची बाजू. लोखंड व ॲल्युमिनियम जागींच राहतात, आणि लोखंड प्राणवायु घेऊन गंजतें. ही जमेची बाजू. जांभ्याचा तांबडा रंग हा गंजाचाच आहे.

हिशेब जुळला, पण त्यास एवढा काळ कां लागावा? याचें उत्तर तराजू देत नाहीं. १८५० सालीं विल्हेल्मी या जर्मनानें अम्लांत साखरेचें रूपांतर किती वेगानें होतें तें मोजलें. १८८९ सालीं स्वीडनच्या अऱ्हेनियसनें उष्णतेनें वेग कसा वाढतो याचें सूत्र दिलें. कित्येक क्रियांचा वेग दहा अंश उष्णता वाढली कीं सुमारें दुप्पट होतो. पांचगणीच्या गृहिणींस हें सूत्र ठाऊक नसलें तरी त्याचा अनुभव आहे: सव्वाचार हजार फुटांवर पाणी सुमारें ९६ अंश सेंटिग्रेडलाच उकळतें, म्हणून उघड्या पातेल्यांतली डाळ शिजावयास वेळ घेते. डोंगराच्या पातेल्यास तर चूलच नाहीं. तेथें क्रिया चालू राहते ती दरवर्षींचें नवें पाणी जुनें विरघळलेलें द्रव्य वाहून नेतें म्हणून, आणि भेगांनीं कातळाचा अधिकाधिक पृष्ठभाग उघडा पडतो म्हणून. अशीं लाखों वर्षें गेलीं, तेव्हां पठारावर जांभ्याचा थर साचला.

चुना गमावलेल्या त्या माथ्यावर माती पातळ आहे आणि बहुतेक गवतच वाढतें. खालीं कृष्णेच्या खोऱ्यांत काळी जमीन चुन्यानें संपन्न असून तींत ऊंस उभा असतो. नांगराला लागणारे चुनखडीचे खडे हे अशाच विरघळलेल्या चुन्याचे पुन्हा घट्ट झालेले गोळे होत. पठाराच्या कड्यावरून धोम धरणाचें पाणी दिसतें. त्यांत गाळ तळाशीं बसतो. विरघळलेली सिलिका मात्र पुष्कळशी पुढें निघते, सांगलीवरून, आंध्रांतून, थेट बंगालच्या उपसागरापर्यंत.