दिसणारा सांधा आणि खरा सांधा

संशोधनाची तयारी करताय ना? मग एक सवय आत्ताच लावून घ्या. वस्तू समोर आली की ‘ही कशाची आहे?’ एवढ्यावर थांबू नका, ‘यातलं कोणतं काम आधी झालं?’ हेही विचारा.

नाशिकच्या भांडी बाजारातला तांब्याचा हंडा घ्या. खालचा आणि वरचा भाग वेगळे ठोकून जोडलेले असतात. सांधा दिसतो तिथेच धातूला धातू जोडलेला असतो. हिशोब सरळ आहे.

आता लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतलं उदाहरण बघू. एदुआर्दो पाओलोझी (१९२४–२००५) या शिल्पकाराने १९८८ मध्ये वास्तुविशारद रिचर्ड रॉजर्स यांचा ब्राँझचा अर्धपुतळा केला. चेहरा चिरून, तुकडे जरासे सरकवून पुन्हा बसवल्यासारखा दिसतो. ब्राँझचे तुकडे वेल्ड केलेत, असं चटकन वाटतं. पण पाओलोझी त्या काळात डोकी प्लास्टरमध्ये कापून जोडत असे. ब्राँझचं ओतकाम त्यानंतरचं. म्हणजे आपल्याला दिसते ती सांध्याची प्रतिकृती.

ही पद्धत एकदम आली नाही. पाओलोझी मूळचा कोलाजवाला. १९५२ मध्ये लंडनमध्ये त्याने मासिकांतली कात्रणं पडद्यावर दाखवली होती. त्याच दशकात तो यंत्रांचे सुटे भाग मातीत दाबायचा, त्या ठशांवर मेण ओतायचा आणि मेणाचे पत्रे जोडून आकृती उभी करायचा. मग मेणाच्या जागी ब्राँझ. यंत्राचा भाग शिल्पात नाही, फक्त त्याचा ठसा आहे. काही जीवाश्मांत शिंपला नसून नुसता ठसा असतो, तसंच.

याचा आपल्याला उपयोग काय? समजा, अशा सांध्याच्या दोन्ही बाजूंचा मिश्रधातू तुम्ही तपासला आणि तो सारखाच निघाला. म्हणून ‘हे कोलाज नाही’ असं लिहिता येईल का? नाही. जोडणी धातूच्या आधीची आहे. उलट मोठे ब्राँझ पुतळे बऱ्याचदा भागाभागांत ओतून वेल्ड करतात आणि सांधा घासून लपवतात. तिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण धातूत जोड असतो.

म्हणून नोंदवहीत दोन रकाने ठेवा: कल्पनेतली जोडणी आणि धातूतली जोडणी. पहिलीसाठी कलाकाराची कार्यपद्धती शोधा, दुसरीसाठी धातूची तपासणी करा. एकीचा पुरावा दुसरीला लावू नका.